सपाटाची बाजू

‘सपाट’ हा शब्द आपण बहुधा तक्रारीच्या सुरात उच्चारतो. एखाद्या नटाचा अभिनय मनाला भिडला नाही, तर त्याचा चेहरा सपाट होता, असे आपण म्हणतो. काव्यवाचन रंगले नाही, तर आवाज सपाट होता, असे म्हणतो. कथेत चढउतार नसले, की समीक्षक ‘सपाट निवेदन’ असा शेरा मारून मोकळे होतात. प्रवासाहून परतलेला माणूस घाटातील वळणांचे वर्णन तासभर करतो आणि घाट उतरल्यावर लागलेल्या मैलोन्‌मैल माळरानाविषयी ‘पुढे सगळे सपाटच होते’ एवढे एकच वाक्य बोलतो. आपल्या दिवसांनाही आपण हाच न्याय लावतो. लग्न, आजारपण, परीक्षेचा निकाल, नोकरीचा पहिला दिवस हे आपल्या लक्षात राहतात. त्यांच्या मधले शेकडो दिवस मात्र ‘सपाट’ या एका शब्दात गुंडाळून आपण बाजूला ठेवून देतो.

या शब्दाचा इतका सैल वापर मला योग्य वाटत नाही. जे सपाट म्हणून आपण टाकून देतो, त्यातील पुष्कळशा गोष्टी आपण नीट पाहिलेल्याच नसतात, असे माझे मत आहे. हे मत मला ग्रंथांतून मिळालेले नाही. ते एका विद्यार्थिनीमुळे बनले. म्हणून प्रथम तिच्याविषयीच सांगते.

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका शहरात मराठीच्या संपर्क वर्गासाठी मी गेले होते. वर्गात जेमतेम नऊ-दहा विद्यार्थी होते. त्यांत तिशी ओलांडलेल्या एक गृहिणी होत्या. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात. त्या भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायानिमित्त भारतभर पसरली आहेत. या बाईंचे यजमानही त्याच कामासाठी तेथे स्थायिक झाले होते. त्या स्वतः घरून जेवणाचे डबे पुरवीत आणि आठवीनंतर सुटलेले शिक्षण त्यांनी पुन्हा हाती घेतले होते. ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’ या विषयावर त्यांनी लिहिलेला निबंध मी वाचला. त्यात समुद्रकिनारा होता, केशरी सूर्यबिंब होते, लाटांचे नृत्य होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती; परंतु लिहिणाऱ्या व्यक्तीची ओळख पटावी, असेही त्यात काही नव्हते. मी त्यांना विचारले, “तुम्ही हा समुद्र कोठे पाहिलात?”

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “समुद्र पाहिलेला नाही, बाई. गाईडातून घेतलंय. आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय असतंय? पहाटे उठायचं, चपात्या लाटायच्या, डबे भरायचे. सगळं सपाट.”

“रोज किती चपात्या लाटता?”

“शंभर-सव्वाशे.”

“आणि शंभरावी चपाती पहिलीसारखीच होते?”

या प्रश्नाने त्यांना बोलते केले. थंडीत कणीक कोमट पाण्यात भिजवावी लागते आणि ती किती वेळ मुरू द्यायची, हे बोटांना कळते. मध्यभाग जाड राहिला, तर चपाती फुगत नाही; कडा जाड राहिल्या, तर त्या कच्च्या राहतात. ऐंशीच्या पुढे उजवा खांदा भरून येतो, लाटण्याचा भार एका अंगाला पडू लागतो आणि चपाती गोल न होता लांबट होते. सासूबाई डबे भरताना चपातीचा आकार पाहूनच ओळखतात, की सूनबाई दमली. मग काही न बोलता त्या पोळपाट आपल्याकडे ओढून घेतात. हे सारे त्या सहज सांगत होत्या आणि सारा वर्ग तन्मयतेने ऐकत होता. यांतील एकही गोष्ट त्यांच्या निबंधात आली नव्हती, कारण ती सांगण्याच्या योग्यतेची नाही, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत त्यांना उपजत मिळालेली नव्हती. प्रसंग म्हणजे वादळ, अपघात किंवा सूर्योदय, असे भाषा शिकविणाऱ्या आम्हीच वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवले आहे.

बाईंच्या बोलण्यातील एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटली. सपाट लाटलेली चपाती फुगते कशी? कणकेतील पाण्याची तव्याच्या उष्णतेने वाफ होते. दोन्ही पृष्ठभाग किंचित भाजून घट्ट झालेले असल्याने ती वाफ आत कोंडते आणि वरचा पापुद्रा खालच्यापासून अलग करते. भाकरीचेही तसेच. मात्र लाटताना किंवा थापताना जाडी कमी-अधिक झाली असेल, एखाद्या ठिकाणी चीर पडली असेल, तर वाफ एकसारखी पसरत नाही किंवा त्या चिरेतून निघून जाते आणि चपाती बसकी राहते. म्हणजे जी वस्तू सर्वत्र सारखी सपाट झाली आहे, तीच पुढे टम्म फुगते. ताटातील चपातीकडे पाहताना आपल्याला हे क्वचितच जाणवते.

सपाटपणा आपोआप निर्माण होतो, हा आपला आणखी एक गैरसमज आहे. निसर्गात पाय ठेवताच सपाट लागेल अशी जागा फारशी आढळत नाही. माणसाच्या वापरातील बहुतेक सपाट जागा श्रमाने घडविलेल्या असतात. मातीच्या घरासमोरचे अंगण आठवून पाहा. आधी खडे वेचायचे, उंचवटे खणून काढायचे, खळगे बुजवायचे. मग पाणी शिंपडून ती माती धुम्मसाने ठोकायची, चोपण्याने चोपायची आणि शेवटी शेणाने सारवायची. एका पावसाळ्यात हे सारे वाहून जाते आणि दिवाळीपूर्वी पुन्हा सुरुवात करावी लागते. खळ्याची जमीन तर याहून काळजीने तयार करावी लागते, कारण तेथे पडलेला प्रत्येक दाणा भेगेत न जाता हाती यावयास हवा. भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर शेतकरी फळी फिरवून चिखल समतल करतो. तो समतल नसेल, तर एका कोपऱ्यातील रोपे बुडतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातील तहानलेली राहतात. तेथे सपाट या शब्दाचा अर्थ ‘सर्वांना सारखे पाणी’ असा होतो.

गवंड्याचे कामही असेच आहे. खोलीच्या चारही भिंतींवर एकाच उंचीच्या खुणा करण्यासाठी तो पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन भिंतींशी धरतो. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर स्थिरावते आणि त्या पातळीवर तो पेन्सिलीने खूण करतो. या खुणांवरून फरशी बसते. स्नानगृहातील फरशी तर वरवर पाहता सपाट दिसते, पण तिला पाणी वाहून जाण्याच्या दिशेने अत्यंत अल्प उतार दिलेला असतो. तो अधिक झाला तर पाय घसरतो, मुळीच नसेल तर पाणी साचते. आपण त्या फरशीवर वर्षानुवर्षे वावरतो. ती बिघडली, तरच आपले तिच्याकडे लक्ष जाते. चांगल्या सपाटपणाचे हे एक लक्षण म्हणावे लागेल, की तो स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही.

एका क्षेत्रात मात्र सपाट हा शब्द आदराने उच्चारला जातो. ते क्षेत्र म्हणजे आपले अभिजात संगीत. गायक जेव्हा आडवळणे न घेता, सुरांच्या सरळ क्रमाने वर चढतो आणि तशाच क्रमाने खाली उतरतो, तेव्हा त्या तानेला ‘सपाट तान’ म्हणतात. नवख्या श्रोत्याला ती सोपी वाटते. जाणकाराला ठाऊक असते, की द्रुत लयीत प्रत्येक सूर स्वच्छ आणि आपल्या जागी लागण्यासाठी कित्येक वर्षांचा पलट्यांचा रियाज लागतो. वक्र तानेत क्षणभर दडून जाणारी त्रुटी सपाट तानेत उघडी पडते. संगीताने या शब्दाला जो मान दिला आहे, तो भाषेच्या इतर व्यवहारांत त्याला मिळालेला नाही.

आतापर्यंत पाहिलेली उदाहरणे घर, शेत आणि मैफल यांतील आहेत. एखाद्याला वाटेल, की हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे. कोणी एखाद्या गोष्टीला सपाट म्हटले, म्हणून कोणाचे काय बिघडते? बिघडते, हे कळण्यासाठी सह्याद्रीच्या आणि कोकणच्या पठारांकडे जावे लागेल.

कोकणात जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण उघड्या पठाराला ‘सडा’ म्हणतात. उन्हाळ्यात सड्यावरून चालणाऱ्याला काळपट तापलेला कातळ आणि वाळलेले गवत यांखेरीज काही दिसत नाही. अशा जमिनीची नोंद सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून, म्हणजे लागवडीस अयोग्य म्हणून होते. देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह २००० साली प्रथम प्रसिद्ध झाला, त्यातही उघड्या खडकाळ जमिनीचा स्वतंत्र वर्ग आहे. ‘पडीक’ हा शिक्का एकदा बसला, की ती जागा खणली, बुजवली किंवा तिच्यावर बांधकाम केले, तरी काही हरवले असे कोणाला वाटत नाही.

प्रत्यक्षात तेथे काय असते? सातारा शहराच्या पश्चिमेस असलेले कासचे पठार हे याचे सर्वपरिचित उदाहरण. तेथील कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे. वर्षाचा बराच काळ ते पठार ओसाड दिसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मात्र त्याच पातळ थरातून तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशा शेकडो प्रकारच्या वनस्पती फुलून येतात. यांपैकी ‘सीतेची आसवे’ ही वनस्पती कीटकभक्षी आहे. निकृष्ट मातीत पुरेसे पोषण मिळत नाही, म्हणून ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. कोकणच्या सड्यांवर तर आणखी एक ठेवा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सड्यांच्या कातळावर प्राचीन मानवाने कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या, माशांच्या आकृती आढळल्या आहेत. कशेळी येथे हत्तीची एक प्रचंड आकृती असून तिच्या आत अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. हजारो पावले पिढ्यान्‌पिढ्या या आकृतींवरून चालत गेली होती. त्यांतील कित्येक आकृतींवर माती साचली होती, आणि सपाट जमिनीकडे खाली वाकून पाहण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. सड्यावर मुरणारे पाणीच उताराखालच्या वाड्यांच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते, ही गोष्टही सडा फोडल्यानंतरच अनेकांच्या ध्यानात येते. सपाट म्हणणे आणि निरुपयोगी ठरविणे यांत किती थोडे अंतर असते, ते यावरून दिसून येईल.

जमिनीविषयी जे खरे, तेच लेखनाविषयीही खरे आहे. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून ओळखला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून मिळवून त्यात संकलित केल्या. स्वामी कोठे उतरले, काय जेवले, वाटेत कोण भेटले, कोण काय बोलले, अशा साध्यासुध्या घटनांनी हा ग्रंथ भरलेला आहे. त्या काळचे अन्न, वस्त्रे, घरे, बोलण्याच्या लकबी यांची आज आपल्याला जी माहिती आहे, तिच्यात या तपशिलांचा मोठा वाटा आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे शिक्षण शाळेत झालेले नव्हते. स्वयंपाकघर, सोवळेओवळे, प्रवास, रुसवेफुगवे यांविषयी त्या जशा बोलत, तशाच लिहीत गेल्या. आणि त्यांचे पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. या दोन्ही ग्रंथांत चमत्कृतीचा हव्यास नाही. नित्याच्या गोष्टींकडे पुरेशा आदराने पाहिले, की त्या वाङ्मयाचा विषय होऊ शकतात, एवढे या ग्रंथांवरून निश्चित सिद्ध होते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सगळाच सपाटपणा वंदनीय नाही. सपाट करण्याच्या नावाखाली भेद चिरडूनही टाकले जातात, आणि तसे करणाऱ्यांत आम्ही शिक्षकही असतो. त्या बाईंच्याच निबंधाच्या मागील एका उत्तरात ‘चपाती’ हा शब्द आला होता. सवयीने माझी तांबडी लेखणी पुढे झाली आणि मी तो शब्द खोडून ‘पोळी’ असे लिहिले. माझ्या घरी पोळी म्हणत. त्यांच्या घरी चपाती. दोन्ही शब्द मराठीच आहेत. मग खोडण्याचा अधिकार मला कोणी दिला? वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांसारख्या बोली, तंजावरच्या मराठी कुटुंबांत तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलेली मराठी, इंदूर-बडोद्याकडची मराठी, यांची वळणे पुसून सर्वांनी एकाच छापाचे लिहावे, हा आग्रह शेत समतल करण्यासारखा नाही. शेतात फळी फिरविण्याचा हेतू प्रत्येक रोपाला पाणी मिळावे, हा असतो. येथे मात्र रोपांवरूनच फळी फिरते. प्रमाणभाषा सर्वांना परस्परांशी बोलता यावे म्हणून हवी. पण ती शिकविताना घरातील शब्दांची लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणात काहीतरी चुकले आहे, हे मी आता मान्य करते.

त्याचप्रमाणे कष्टकऱ्यांच्या एकसुरी दिवसांचे गोडवे गाण्याचाही माझा हेतू नाही. शंभर चपात्या लाटून भरून आलेला खांदा खरा आहे आणि त्याला विश्रांती हवी आहे. ज्याच्या आयुष्यात बदल घडण्याची शक्यताच उरलेली नाही, त्याला ‘सपाटातही सौंदर्य असते’ असे ऐकविणे हा निर्दयपणा होईल. त्या बाई पुन्हा अभ्यासाकडे वळल्या, त्या आपल्या दिवसाला नवी दिशा मिळावी म्हणूनच. माझे म्हणणे इतकेच आहे, की बदलाची इच्छा धरताना हातात असलेल्या आयुष्याला कवडीमोल ठरविण्याची आवश्यकता नाही. ज्या हातांना कणकेचा सैलपणा कळतो, त्या हातांजवळ ज्ञान आहे. परीक्षेची उत्तरपत्रिका त्या ज्ञानाची नोंद घेत नसेल, तर उणेपणा उत्तरपत्रिकेचा आहे.

त्या बाईंनी पुढील संपर्क वर्गाला निबंध पुन्हा लिहून आणला. समुद्र त्यातून नाहीसा झाला होता. सासूबाईंनी पोळपाट ओढून घेतला, त्या सकाळपासून निबंध सुरू होत होता. त्यात शुद्धलेखनाच्या सात-आठ चुका होत्या आणि एकही अलंकार नव्हता. ‘चपाती’ हा शब्द मात्र अनेकदा आला होता. या वेळी तो मी तसाच राहू दिला आणि निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखविला.

शिक्षण अर्धवट सुटलेल्या, नोकरी-धंदा किंवा संसार सांभाळून पुन्हा शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणून माझे एक सांगणे आहे. आपल्या आयुष्यात लिहिण्याजोगे काही नाही, असे वाटेल तेव्हा कालच्याच दिवसाकडे परत एकदा पाहावे. आपण काय उचलले, काय पुसले, कोणाची वाट पाहिली, कोणी न बोलता आपला भार हलका केला, हे क्रमाने आठवावे आणि आपल्या घरच्या शब्दांत लिहून काढावे. पहिल्या प्रयत्नात कदाचित चारच ओळी होतील. त्या चार ओळी गाईडात सापडणार नाहीत.